सहा ते आठ

"मुरली, रंगनाथ बोलतोय."

अकरा वर्षांनी ऐकत होतो, तरी त्यानं नाव सांगायची गरज नव्हती. पहिल्या अक्षरालाच मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बोल."

"बरा आहेस ना? अलकावहिनी, पोरं..."

"काम काय ते सांग, रंगनाथ."

पलीकडं तो एका दमात सांगून मोकळा झाला. शनिवारी बुवांची पुण्यतिथी. बुवांच्या अमेरिकेतल्या एका शिष्यानं देवळाला एक मोठा कॉम्प्युटर पाठवला होता, ताकदीचं ग्राफिक्स कार्ड घातलेला. बुवांच्या जुन्या चौसष्ट कॅसेटी त्यात भरल्या होत्या. त्यातला प्रोग्राम आधी त्या सगळ्या ऐकून बुवांचा आवाज कोणता, तबला कोणता, पेटी कोणती, झांज कोणती हे शिकणार आणि मग बुरशीनं खराब झालेल्या शेवटच्या कॅसेटमधून बुवांना वेगळं काढणार. शनिवारी सहा वाजता सगळ्या गावाला ते कीर्तन ऐकवायचं, असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. पत्रकं वाटून झाली होती.

"आणि शिकणं होत नाहीये," तो म्हणाला. "चार दिवसांत व्हायचं काम. आज सहावा दिवस, एकतीस टक्के झालंय. तो अमेरिकेचा म्हणतो, मला इथून काही समजत नाही, जवळचा कुणी जाणकार बघा. तुझं कॉलेजात हेच काम आहे ना? नांदेडहूनच बघता येईल म्हणे. यायला नको."

यायला नको, हे त्यानं माझ्या सोयीसाठी सांगितलं की स्वतःच्या, कोण जाणे.

"यंत्राचा नंबर पाठव," मी म्हणालो. "बघतो."

फोन ठेवला आणि मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलंसुद्धा, काय हो, बक्षीस लागलं का. मी म्हणालो, तसंच काहीसं.

हे हसू समजायचं तर अकरा वर्षं मागं जायला हवं. दिगंबरबुवांच्या मागं तबल्याला मी सोळा वर्षं बसलो. नांदेडची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी गोदाकाठच्या आमच्या कान्हेगव्हाणच्या दत्तमंदिरात. रंगनाथ त्यांचा पुतण्या, पेटीवर असायचा. बुवा गेले तेव्हा त्यांच्या शेवटच्या कीर्तनाची कॅसेट मी बुवांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, सांगून नांदेडला नेली, फितीला बुरशी धरली होती म्हणून. काकू तेव्हा कुठल्या शुद्धीत होत्या. त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

महिन्यानं रंगनाथ पहिल्यांदा बुवांच्या जागी उभा राहिला. साथीला मी. साफ केलेली कॅसेट माझ्या पिशवीत होती, तबल्याच्या शेजारी. संपलं की देईन म्हणून. पूर्वरंग झाला, मध्यंतरात हार-बुक्का झाला आणि उत्तररंगाला त्यानं आख्यान लावलं ते देवाची समई चोरणाऱ्या सेवेकऱ्याचं. रंगवत रंगवत त्यानं हात सरळ माझ्याकडं केला आणि म्हणाला, "असे सेवेकरी आजही आहेत. गुरूचा आवाज पिशवीत घालून नेतात आणि परगावी विकतात." तीनशे माणसं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं.

कीर्तन चालू असताना साथीदारानं उठू नये, बोलू नये, हा आमच्यातला नियम. व्यासपीठावरच्या माणसाला उत्तर नसतं. मी उठलो नाही. आरतीपर्यंत, अर्धा पाऊण तास, माझ्याच ठेक्यावर त्यानं माझी अब्रू काढली आणि मी लय तसूभर हलू दिली नाही. त्याचा मला अभिमान होता. आरती झाल्यावर कॅसेट पेटीवर ठेवली आणि गाव सोडलं. त्यानंतर मी कुठल्याही कीर्तनाला साथीला बसलो नाही. कीर्तनाशिवाय मी म्हणजे मीठ नसलेली भाजी, हे अलकाचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

तर आता त्याच माणसानं त्याच देवळात सगळा गाव बोलावला होता, आणि ते सारं माझ्या हातात आलं होतं.

त्या सोमवारी अकरा वाजता मी नांदेडहून त्या यंत्रात शिरलो. म्हणजे माझ्या पडद्यावर तिकडचा पडदा आला. पहिली शंका सगळ्यांना येते ती मलाही आली, की काम कार्डावर चाललंच नसेल, साध्या प्रोसेसरवर रखडत असेल. तसं नव्हतं. काम कार्डावरच होतं. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर नवं होतं, मेमरी मोकळी होती. मग मी तापमान पाहिलं. नव्वदच्या वर. वेग पाहिला. निम्म्याच्याही निम्मा. कार्ड असं तापलं की जळू नये म्हणून स्वतःच स्वतःला आवरतं. इतका आवरता हात म्हणजे त्याला वारा मिळत नव्हता. धूळ असेल, पंखा गेला असेल.

मागच्या पाच दिवसांची नोंद उघडली आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. रोज संध्याकाळी सहा वाजता तापमान धपकन खाली येत होतं, कार्ड घोड्यासारखं पळत होतं, आणि आठ वाजता पुन्हा सगळं जैसे थे. पाचही दिवस. धुळीला घड्याळ कळत नाही. कुणीतरी माणूस त्या यंत्रावर रोज काहीतरी घालत होतं आणि सहा ते आठ तेवढं काढून ठेवत होतं.

पंधरा मिनिटांत मला उत्तर सापडलं होतं. फोन उचलून एक वाक्य बोलायचं होतं: रंगनाथ, त्या डब्यावर काय घातलंय ते काढ.

तेव्हाच माझी नजर खालच्या यादीवर गेली. शिकणं झाल्यावर ज्या कॅसेटींतले आवाज वेगळे करायचे त्यांची नावं रंगनाथनं मराठीत लिहून ठेवली होती. दोनच होती. 'शेवटचे कीर्तन'. आणि त्याखाली 'माझे पहिले'.

माझे पहिले. त्याचं पहिलं कीर्तन म्हणजे ते समईचं. बुवांच्या शेजारी स्वतःला बसवून, धुऊनपुसून, ते तो जतन करणार होता. माझ्याकडं केलेल्या बोटासकट.

मी यंत्रातून बाहेर आलो आणि चार वाजता त्याला फोन केला.

"पाहिलं. बिघाड काही नाही. काम जड आहे, कार्ड आपल्या परीनं चाललंय. थांबावं लागेल."

"शनिवारपर्यंत होईल?"

"काय सांगावं. बुवांची इच्छा."

त्या रात्री जेवताना मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. अलका वाढता वाढता म्हणाली, "आज स्वारी गुणगुणतीय. कुणाचं काय बिघडलं?"

"कुणाचं काही नाही."

"मग कुणीतरी बिघडवलं असेल. तुमचं तोंड लपत नाही हो."

बुधवारी अडतीस टक्के झाले. गुरुवारी सकाळी पुन्हा त्याचा फोन. आवाज बसलेला.

"मुरली, एक विचारू? यंत्र आहे तिथंच, आहे तसंच ठेवून तुला वरच्या वर काही करता येणार नाही का? त्याला हात न लावता?"

मला वाटलं, बघा, बोट हलवायचं नाही या माणसाला. मी म्हणालो, "नाही. तसं काही नसतं."

"नसतं," तो म्हणाला. "बरं. मग राहू दे." आणि वर म्हणाला, "त्रास दिला तुला."

ते शेवटचं वाक्य मला खटकायला हवं होतं. रंगनाथ आणि त्रास दिला म्हणणार. पण मी शनिवारची सुट्टी टाकण्यात गढलो होतो. मला ते समोर बसून बघायचं होतं.

शनिवारी साडेपाचला मी देवळात पोचलो आणि मागच्या खांबाला टेकून बसलो. तीनशेच्या वर माणूस असेल. पुढं दोन मोठे स्पीकर, मधे बुवांचा फोटो, फोटोला हार. सहाला रंगनाथ उभा राहिला. अकरा वर्षांत केस पिकले होते, खांदे उतरले होते. त्यानं हात जोडले.

"मंडळी, बुवांचं कीर्तन ऐकवतो म्हणालो होतो. ते झालं नाही. दोष यंत्राचा नाही, माझा आहे. आज माझीच सेवा गोड मानून घ्या."

पुढच्या रांगेतले बापूराव देशपांडे, तोंडानं फटकळ, मोठ्यानं म्हणाले, "अमेरिकेच्या यंत्राला गोदेचं पाणी बाधलं म्हणायचं." हशा पिकला. मागं कुणीतरी म्हणालं, "पत्रकं छापायच्या आधी यंत्राला विचारायचं की." पुन्हा हशा. रंगनाथ मान खाली घालून उभा. मी एकेक हसू मोजून घेत होतो.

त्यानं नमन लावलं. तबल्याला परभणीहून आणलेले कुणी होते, हात चांगला, पण रंगनाथची सवय नसलेला. दुसऱ्याच पदाला सम हुकली. रंगनाथनं सावरलं, पुन्हा हुकली. गळाही लागेना. मध्यंतरापर्यंत निम्मा सभामंडप रिकामा झाला. माझी बोटं मांडीवर आपोआप ठेका धरत होती. मी मूठ वळून घेतली. उठून पुढं गेलो असतो तर चार आवर्तनांत त्याचा गळा मोकळा झाला असता. कुठं श्वास तुटतो आणि कुठं हात आखडता घ्यायचा, हे मला ठाऊक होतं. गेलो नाही. मागच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत बसलो आणि त्याचं पडणं डोळे भरून पाहिलं.

आठला आरती झाली. लोक पांगले. मला निघता आलं असतं, पण काम पुरं करायचं होतं. देवळामागच्या खोलीत ते यंत्र आहे, ते एकदा बघावं आणि रंगनाथच्या तोंडावर सांगावं, की बाबा, एवढंसं होतं, मला सोमवारीच कळलं होतं. त्याशिवाय हिशेब मिटल्यासारखं वाटलं नसतं.

खोलीचं दार उघडं होतं. काकू आत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठ वाकलेली, डोळ्यांना जाड भिंगं. टेबलावर यंत्राचा काळा डबा, शेजारी बंद पडदा. काकूंनी खुंटीवरचं उपरणं काढलं, घडी मोडली आणि डब्यावर नीट पसरलं. चारी बाजूंनी खोचलं. लहान मुलाला पांघरूण घालतात तसं.

उपरणं मी ओळखलं. लाल काठ, एका टोकाला बुक्क्याचा न जाणारा डाग. बुवा हे खांद्यावर घेऊनच उभे राहायचे. आणि कीर्तन संपलं की उतरवून पेटीवर टाकायचे, पेटी झाकायला. सोळा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर.

"कोण आहे?"

"मी, काकू. मुरली."

"मुरलीधरा." त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "किती वर्षांनी रे. आज तू नव्हतास ना तबल्याला? मी इथून ऐकत होते. म्हटलं, हा मुरलीचा हात नव्हे."

त्यांनी अलकाची, पोरांची सगळी चौकशी केली, पंधरा मिनिटं त्यातच गेली.

"हे बघ, यात आहेत ते," त्या डब्यावर हात ठेवून म्हणाल्या. "रंगानं सांगितलं, काकू, बुवांचा आवाज यात ठेवलाय. कुणी समोर बसत नाही, पडदा काळा, म्हणजे निजलेलेच असतात की नाही. मी आपली झाकून ठेवते. सहा ते आठ काढते. त्यांची कीर्तनाची वेळ."

मागं पावलं वाजली. रंगनाथ दारात उभा होता, कपाळावर बुक्का, अंगरखा घामानं भिजलेला. त्यानं मला पाहिलं, उपरण्याकडं पाहिलं, आणि मान इतकीशी हलवली. नको, म्हणून.

तोंडावर सांगायचं ते मी मागं ठेवलं.

मी काकूंच्या शेजारी गेलो. "काकू, बुवा उपरणं कुठं घ्यायचे?"

"खांद्यावर. आणखी कुठं घेतात?"

"आणि हे तुम्ही नाकातोंडावर घातलंय त्यांच्या."

"अगं बाई."

"याचं नाक इकडं असतं. हात लावून बघा, कसा गरम झालाय." मी उपरणं उचललं, घडी केली आणि शेजारच्या पडद्यावर टाकलं. "हा त्याचा खांदा. इथं टाका. दिवसभर राहिलं तरी चालेल."

काकूंनी डब्याला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "मेले मी. गुदमरले की रे ते आठवडाभर." मग आम्हा दोघांच्या दिशेनं मान वळवून म्हणाल्या, "आणि सांगायचं नाही का कुणी मला?"

रंगनाथनं उपरण्याची घडी पुन्हा सारखी केली.

डब्यातला पंखा घुमत होता तो हळूहळू शांत झाला. मी माझ्या फोनवरून यंत्रात शिरून पाहिलं. तापमान उतरत होतं, वेग चढत होता.

काकू देवाला दिवा लावायला बाहेर गेल्या तेव्हा रंगनाथ खाटेच्या कडेला बसला.

"फोनवर सांगता आलं असतं हे," तो म्हणाला. "खांद्याचं."

"आलं असतं."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

तो चिडेल, शिव्या देईल, मग मी माझी वाक्यं काढीन, अशी माझी तयारी होती. तो नुसता मान हलवत राहिला.

"मला बुधवारी," तो म्हणाला. "उपरणं उचललं, आकडे पळायला लागले. पुन्हा घातलं, बसले. दोनदा करून पाहिलं. पण काकू तिथं वाती वळत बसलेल्या. तुमच्या पांघरुणानं बुवांचा जीव कोंडतोय, असं कसं सांगू? लबाडीनं काढलं तर डोळ्यांना दिसत नाही तरी हातानं चाचपून पुन्हा घालतात. मला ते खांद्याचं सुचलंच नाही. म्हटलं, पुण्यतिथी गेली तर गेली. हसतील चार माणसं."

हसली होती ती मी मोजली होती.

मला काहीतरी टोचून बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझं 'माझे पहिले' आहे त्या यादीत. आता तेही होईल. ऐक बसून."

"ते ऐकायला नव्हतं घातलं."

"मग?"

त्यानं हाताच्या तळव्यावरचा बुक्का पुसला. "त्यातला माझा आवाज काढून टाकता येतो का, ते बघायचं होतं. मागं नुसता तुझा ठेका राहतो का."

बाहेर काकूंनी घंटा वाजवली.

"राहतो," मी म्हणालो.

"मग काढ. तू काढ. माझ्या हातानं नको."

माफ कर, असं तो म्हणाला नाही. केलं, असं मीही म्हणालो नाही. शेवटची बस गाठायची होती, मी निघालो.

मंगळवारी दुपारी शिकणं पुरं झालं. बुधवारी काकूंनी त्या खोलीत बुवांचं शेवटचं कीर्तन ऐकलं. काकू, रंगनाथ आणि मी, एवढीच माणसं. ज्या तीनशेंनी ऐकायचं होतं ते माझ्यामुळं ऐकू शकले नव्हते. काकू फक्त एकदा बोलल्या: "इथं खोकले बघ. तेव्हाच बरं नव्हतं त्यांना, मला म्हणाले नाहीत."

दुसरी कॅसेट मी नांदेडला एकट्यानं उघडली. कान झाकणारे हेडफोन लावून, दाराला कडी घालून. रंगनाथचा आवाज गेला होता, पेटी गेली होती, समोरची माणसं गेली होती. उरला होता फक्त माझा तबला. मला तो ऐकायचाच होता. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो, की त्या दिवशी मी निमूट वाजवलं, लय तसूभर हलू दिली नाही.

पूर्वरंगात ती हललेली नाही. आख्यान सुरू होतं तिथंही नाही. मग जिथं त्याचं बोट माझ्याकडं वळलं असणार, तिथून पुढं ती चढत जाते. आधी इतकीशी, मग उघड उघड. शब्दांच्या मधे तो जिथं थांबायचा त्या सगळ्या जागा मला पाठ होत्या. त्या प्रत्येक जागी मी तुकडा घातला आहे. आरतीपर्यंत एकही मोकळी सोडलेली नाही. त्याला श्वास घ्यायला मी जागाच ठेवली नव्हती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. काकू आता नाहीत. पुण्यतिथीला रंगनाथ उभा राहतो आणि तबल्याला मी असतो. त्याचा श्वास हल्ली लवकर तुटतो. तिथं मी हात उचलून धरतो आणि तो पुढचं वाक्य बोलेपर्यंत थांबतो.